पिकअप डावीकडे झुकलाय आणि पाच चाकं चार मापांची: सुरुवात कुठून करू?

पत्रा_आणि_पाना:

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी एक जुना पिकअप घेतला. ड्राइव्ह मागच्या चाकांना, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी). इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं त्यावर भुललो आणि गाडीखाली वाकून बघायचं राहून गेलं. आता रोज वाकतोय.

मागून पाहिलं तर एक खांदा उतरलेल्या माणसासारखी दिसते. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, तर डावी बाजू मागे ४० मिमी खाली आणि पुढे २६ मिमी खाली. खड्ड्यातून गेली की मागून डावीकडे ‘ठक्’ असा एकच आवाज येतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून ठेवावं लागतं, सोडलं की गाडी डावीकडे निघते. शिवाय ६० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं आणि ७५ नंतर पुन्हा शांत होतं.

चाकांचं तर संमेलनच भरलंय. पुढे दोन्ही १९५/८० आर १५ (रुंदी मिमीमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि रिम किती इंची), लोखंडी रिमवर. मागे डावीकडे २०५/७० आर १५, तेही अलॉयवर. मागे उजवीकडे २१५/७५ आर १५, लोखंडी. स्टेपनी १८५ आर १४, म्हणजे रिमच एक इंच लहान. आधीच्या मालकाला मिळेल ते चाक चालत असावं.

माझा बेत असा: चारही शॉकअप नवीन, डाव्या पाट्याखाली एक लोखंडी ठोकळा, पुढे डावा टॉर्शन बार थोडा आवळायचा, आणि चारही टायर २१५ चे, म्हणजे जरा उंचीही मिळेल. रविवारी सुरुवात करतोय. क्रम बरोबर आहे का?

घाईत_आहे:

शॉकअपच गेलेत. ठक् आवाज म्हणजे शॉकअप. चारही बदलून टाक, झुकाव आपोआप जाईल.

रोपवाली:

जाणार नाही. पत्रा_आणि_पाना, तुमचा रविवार पुढे ढकला. टेप हातात आहेच तर अजून थोडं मोजा, खरेदी नंतर.

माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून सांगते, मी मेकॅनिक नाही. रोपवाटिकेचा माल वाहायला एकच पिकअप १९ वर्षं चालवला आणि त्याच्यावर करता येण्याजोग्या बहुतेक चुका स्वतःच्या हाताने केल्या. पहिली चूक हीच होती. गाडी झुकली म्हणून शॉकअप बदलले. नवीन शॉकअप लावून गाडी तेवढीच वाकडी राहिली, फक्त डुलायची बंद झाली. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. वजन पाटे पेलतात, पुढे टॉर्शन बार पेलतो. शॉकअपचं काम उसळी जिरवण्याचं. काढून बाजूला ठेवला तरी उभ्या गाडीची उंची बदलत नाही. गॅसवाला असेल तर बदलते, पण अगदी नखाएवढी.

तुम्ही जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलंत. त्या एका आकड्यात टायर, स्प्रिंग, चासी आणि पत्रा सगळं एकत्र कालवलेलं आहे. आधी त्याचे दोन तुकडे करा. जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत एक माप, हे टायरचं. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दुसरं, हे स्प्रिंगचं. दुसऱ्या मापात टायर येतच नाही, त्यामुळे चारही चाकं वेगवेगळी असली तरी फसगत होत नाही.

मागे आणखी दोन मापं हवीत. चासीच्या खालच्या कडेपासून अ‍ॅक्सलच्या नळीपर्यंत, दोन्ही बाजूंना. आणि पाट्याचा पुढचा बोल्ट (जो चासीवर घट्ट असतो, मागच्या टोकाच्या हलत्या कडीचा, म्हणजे शॅकलचा, नव्हे) तिथपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना. हे शेवटचं नीट घ्या. तुमचं ते उजवीकडे धरलेलं स्टिअरिंग मला खटकतंय.

मोजताना फरशी सपाट हवी, हौदा रिकामा, मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. जुने पाटे आणि बुश (बोल्टाभोवतीच्या रबरी नळ्या) अडकून राहतात. गाडी चार-सहा मीटर पुढे-मागे करा, हौद्यावर उभं राहून दोन उड्या मारा, मग टेप लावा. मी एकदा हे विसरले होते आणि अर्धा दिवस भलत्याच आकड्यांवर डोकं खाजवत बसले.

पत्रा_आणि_पाना:

ताई, मोजलं. सगळं मिमीमध्ये.

जमिनीपासून चाकाचा मध्य: पुढे दोन्हीकडे ३३१. मागे डावीकडे ३२२, उजवीकडे ३३९.
चाकाच्या मध्यापासून मडगार्ड: पुढे डावीकडे ४२४, उजवीकडे ४५०. मागे डावीकडे ४५५, उजवीकडे ४७८.
चासी ते अ‍ॅक्सल: डावीकडे उजव्यापेक्षा १५ कमी.
पाट्याचा पुढचा बोल्ट ते अ‍ॅक्सल: डावीकडे ५९८, उजवीकडे ६१०. हे तीनदा मोजलं, कारण विश्वास बसला नाही.

आता दोन शंका. एक, मागे मडगार्डला २३ चा फरक आणि चासीला १५ चाच, मग उरलेले ८ मिमी कुठे गेले? हौद्याचे रबर बसलेत का? दोन, पुढे टायर सारखे असूनही २६ चा फरक आहे, म्हणजे डावा टॉर्शन बार दमलाय हे नक्की ना?

रोपवाली:

छान मोजलंत. आकडे बोलायला लागले.

मागचे ४० फोडून बघा: १७ टायरचे, २३ स्प्रिंगचे. जवळजवळ निम्मा झुकाव नुसता टायरांचा आहे. डावीकडचा २०५/७० हा ६६८ मिमी व्यासाचा, उजवीकडचा २१५/७५ हा ७०३ च्या वर. उंची दिसते, पण त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही. लहान चाकाला एक किलोमीटर जायला सुमारे ४७६ फेऱ्या लागतात, मोठ्याला ४५२. म्हणजे तुम्ही नाकासमोर सरळ चालला असलात तरी दर किलोमीटरला २४ फेऱ्यांचा फरक डिफरन्शियलमधल्या (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी पेटी) लहान गिअरांना झेलावा लागतोय. ते गिअर वळणावर थोडा वेळ फिरण्यासाठी असतात, दिवसभर फिरण्यासाठी नाहीत. तिथलं ऑइल काढून बघा, बोटावर चकाकी दिसली तर किती ते सांगा. मागे स्लिप रोखणारं डिफरन्शियल असेल तर अजूनच काळजी, त्यातल्या क्लचप्लेटा अशा चाकांनी लवकर झिजतात.

तुमचे ८ मिमी कुठेही गेलेले नाहीत. चासीच्या दोन पट्ट्या गाडीच्या आतल्या बाजूला असतात, मडगार्डच्या कडा बाहेर. तराजूची दांडी कललेली असली तर टोकाला फरक जास्त आणि मध्याजवळ कमी दिसतो, तसंच हे. पट्ट्यांमधलं अंतर ९५० च्या आसपास आणि मडगार्डांमधलं १५०० च्या आसपास असेल, तर बाहेरचे २३ आत साधारण १५ च होतात. हिशेब जुळतो. हौद्याच्या रबरांना हात लावू नका.

आता पुढचा टॉर्शन बार. आवळू नका! मागची बाजू कलली की चासी आपल्याबरोबर पुढच्यालाही कलवते. पुढचा बार निर्दोष असला तरी डावीकडे दबलेला दिसणारच. एक सोपी चाचणी आहे. पुढच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, मागे चासीच्या बरोबर मध्यावर, आडव्या पट्टीखाली जॅक लावून मागचा भाग इतका उचला की पाट्यांवरचं वजन निघेल. गाडीखाली जायचं नाही, लांबूनच पुढचं मोजायचं. आता मागचा भाग एका बिंदूवर तोललेला आहे, त्यामुळे तो पुढच्याला कुठल्याच बाजूला ओढत नाही. फरक गेला तर दोष मागे. राहिला तर तेवढा पुढचा.

आणि ते ५९८ आणि ६१०. अ‍ॅक्सल डावीकडे १२ मिमी पुढे सरकलाय. पाट्यांच्या थप्पीच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो, त्याचं गोल डोकं अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरतं. तो तुटला की अ‍ॅक्सल फक्त यू बोल्टांच्या (पाटा आणि तो एकत्र बांधणारे यू आकाराचे बोल्ट) आवळणीवर राहतो आणि हळूहळू सरकतो. डावं चाक पुढे, उजवं मागे, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल गाडीच्या मागच्या भागाला उजवीकडे ढकलतोय आणि नाक डावीकडे वळतंय. ते सरळ ठेवायला तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे धरताय. तुमची गाडी खेकड्यासारखी चालतेय. ओल्या मातीवरून सरळ चालवा आणि उतरून ठसे बघा, मागचे ठसे पुढच्यांच्या रेषेत पडणार नाहीत.

ठोकळ्याबद्दल: सेंटर बोल्ट तुटलेल्या आणि बहुतेक पाटाही तुटलेल्या ठिकाणी ठोकळा घालणं म्हणजे मोडलेल्या खुर्चीवर उशी ठेवणं. ती डावी बाजू उघडेपर्यंत गाडी चालवू नका, माल भरून तर नाहीच.

लेथवाला:

ताईंनी पाट्यांचं सांगितलं, मी चाकांचं विचारतो. त्या अलॉयला नट कोणते लावलेत?

पत्रा_आणि_पाना:

लेथवाला दादा, नट तेच, लोखंडी रिमचे. आखूड, निमुळते. चाकाला सहा भोकं आहेत. समोरासमोरच्या भोकांचे मध्य मोजले तर लोखंडी आणि अलॉय दोन्हीला १३९ ते १४० येतात, म्हणजे जुळतात ना? रिमच्या मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतरही घेतलं: लोखंडीला ११५, अलॉयला १११. चारच मिमीचा फरक, म्हणजे ऑफसेट जवळजवळ सारखाच धरायचा?

ताई, जॅकची चाचणी केली. मागचा भाग मध्यावर उचलल्यावर पुढचा फरक २६ वरून ५ वर आला. मी तर बार आवळायला पाना काढून ठेवला होता.

लेथवाला:

भोकं जुळतात. १३९.७ म्हणजे साडेपाच इंच, सहा भोकांच्या पिकअपांत हे माप फार चालतं. सहा भोकं असली की सोपं, समोरासमोर मोजायचं. पाच असली की समोर भोक नसतं. तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन १.७०१ ने गुणायचं.

ऑफसेट मात्र सारखा नाही. तुम्ही रुंदी विसरलात. ऑफसेट मोजतात तो रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत. रिमवर किती रुंदी कोरलीय ते बघा. लोखंडी साडेपाच इंची असेल तर कडा धरून बाहेरून साधारण १६५ मिमी भरते, निम्मे ८२, ११५ मधून गेले की उरले ३३. अलॉय सात इंची असेल तर बाहेरून २०३, निम्मे १०१, १११ मधून गेले की १०. म्हणजे अलॉयची मध्यरेषा २३ मिमी बाहेर आहे आणि बाहेरची कड तर ४० च्या वर बाहेर. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर तरफ वाढते. पुढे लावलंत तर स्टिअरिंगही जड होईल आणि खड्ड्यात हिसका मारेल.

आता नट. गाडी उभी असताना, वजन चाकावर असताना, एक नट सोडा आणि शेवटचे आटे सुटेपर्यंत किती फेऱ्या होतात ते मोजा. १२ मिमी जाडीचा, दीड मिमी आट्यांचा स्टड (हबमधून बाहेर आलेला बोल्ट) असेल तर निदान ८ फेऱ्या हव्यात, म्हणजे स्टडच्या जाडीइतके आटे नटात. अलॉयची बैठक जाड असते, आखूड नट तिथे पुरत नाही.

नटाची बैठकही बघा. काही रिमांना निमुळती, काहींना गोलाकार, काहींना सपाट वॉशरची. गोलाकार बैठकीत निमुळता नट लावला की तो एका बारीक रेषेवर टेकतो. पाना ‘आवळलं’ म्हणतो, पण १०० किलोमीटरनंतर ढिला. माझ्याकडे अशी चाकं येतात, भोकं लंबगोल झालेली. भोक लंबगोल झालेली रिम मी भरून देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

पत्रा_आणि_पाना:

५ फेऱ्या. आणि रिमवर ७ कोरलंय. अलॉय काढून ठेवला. गाडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) चढवली आहे.

रोपवाली:

घोड्या चासीखाली ना? अ‍ॅक्सलखाली लावल्यात तर पाट्यांवर वजन राहील आणि शॅकलचा बोल्ट काढताना पाटा उसळेल. चासी घोड्यांवर, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक, आणि तो वरखाली करून असं ठेवायचं की पाटा ना ताणलेला ना लटकलेला. मग बोल्ट हाताने निघतो. म्हणजे पुस्तकात हाताने निघतो. प्रत्यक्षात बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला असतो आणि शेवटी ग्राइंडरनेच कापावा लागतो, त्यामुळे नवीन बोल्ट आणून ठेवा.

पत्रा_आणि_पाना:

तीन दिवस लागले, त्यातला दीड दिवस त्या एका बोल्टने खाल्ला. कापलाच.

ताई, सेंटर बोल्ट तुटलेला होता, अगदी तुम्ही म्हणालात तसा. आणि वरून दुसरा पाटा बरोबर मधल्या भोकातून दोन तुकडे. यू बोल्टच्या पट्टीखाली असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तुटलेल्या कडा गंजलेल्या होत्या, फक्त एका कोपऱ्यात चकचकीत. ‘ठक्’ बहुधा तोच. मुख्य पाट्याच्या डोळ्यातलं रबर बुश तर भुगा होऊन हातात आलं.

उजवी थप्पी मात्र शाबूत दिसते. डावीकडचा तेवढाच पाटा बदलू का? की दोन्हींना कमान मारून घेऊ? ओळखीतला एकजण म्हणतो गॅसवर लाल करून कमान वाढवता येते.

घाईत_आहे:

गॅसवर लाल करून घे. अर्ध्या तासाचं काम. मी केलंय.

रोपवाली:

घाईत_आहे, मीपण केलंय. आणि किती दिवस टिकलं? माझं चार महिने. लाल केलं की पाट्याचा कस जातो. तो आता स्प्रिंग राहिलेला नसतो, वाकवलेली पट्टी असते. आधी बसला आणि नंतर कुंड्या भरलेल्या असताना मुख्य पाटा गेला. नशीब, चढावर होते आणि वेग पायी चालण्याइतका होता. पाट्याला वेल्डिंगही करायचं नाही, अगदी कडेची क्लिप चिकटवायलाही नाही. कमान वाढवायची तर थंड लोखंडावर ठोकून किंवा प्रेसमध्ये वाढवतात, आणि तीही जाणत्या हाताने. तरी जुना दमलेला पाटा पुन्हा खाली बसायची सवय सोडत नाही.

पत्रा_आणि_पाना, पाटे जोडीनेच बदला. उजवी थप्पी शाबूत आहे पण तीही तितकीच म्हातारी. एकीकडे ताजा पाटा आणि दुसरीकडे जुना, की झुकाव बाजू बदलून परत येईल. नवीन जोडी परवडत नसेल तर एकाच गाडीवरून निघालेली, दोन्ही बाजूंची जुनी जोडी बघा आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कमानीची खोली मोजून घ्या.

घेताना पाटे मोजा आणि जाडी मोजा. माझ्याकडे एकदा मापाने एकसारखी पण एक पाटा जास्त असलेली थप्पी आली होती. रिकामी गाडी मागून कुल्ला वर केलेल्या बदकासारखी दिसायची आणि प्रत्येक फटीवर दात वाजायचे.

यू बोल्ट जुने परत लावायचे नाहीत. ते आवळताना ताणले जातात, आटेही दबतात. नवीन लावा, आणि चारही नट एकदम एकाला पूर्ण न आवळता तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा म्हणजे पट्टी सपाट बसेल. आवळण्याआधी सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसलंय ना, बोट घालून बघा.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: रबर बुश असलेले बोल्ट, म्हणजे पाट्याचा पुढचा आणि शॅकलचे, गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. हाताने टेकवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे करा, मग आवळा. हवेत आवळले तर रबर लटकलेल्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी उतरली की कायम पिळलेलं राहतं. थोड्याच महिन्यांत फाटतं.

लांब शॅकल लावून उंची वाढवायचा मोह कोणीतरी घालेल. ५० मिमी लांब शॅकलने उंची २५ च वाढते आणि डिफरन्शियलचं तोंड फिरून प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, त्रास होतो. नको.

लेथवाला:

मापाचे टायर कोणते, ते दाराच्या खांबावरच्या पट्टीवर बघा. २१५ चं स्वप्न तोवर बाजूला.

पत्रा_आणि_पाना:

पट्टी रंगाखाली दडली होती. खरवडली. १९५ आर १५ सी. मागच्या अ‍ॅक्सलचं कमाल वजन १५०० किलो. म्हणजे माझं एकही चाक मापाचं नाही?

पुढच्या टायरांवर ९६ लिहिलंय आणि ०७०९. मागच्या उजव्यावर ३८११. स्टेपनीवर तीनच आकडे आहेत.

लेथवाला:

एकही नाही. नुसतं १९५ आर १५, मध्ये तिरकी रेघ आणि दुसरा आकडा नाही, म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या सुमारे ८२ टक्के. तुमच्या १९५/८० पेक्षा जराशी उंच. ‘सी’ म्हणजे मालवाहू.

९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो. असे दोन मागे लावले तर मिळून १४२०. तुमचा अ‍ॅक्सल १५०० चा. भरल्या गाडीला कमी पडतात. सी मध्ये साधारण १०६/१०४ असं लिहिलेलं बघा. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, ९५० किलो. दुसरा जोडचाकांसाठी, तो तुमच्या कामाचा नाही. हवा मात्र पट्टीवर दिलेली भरा. मालवाहू टायरला मोटारीच्या टायरइतकीच हवा भरली तर तो ते वजन पेलणार नाही.

०७०९ म्हणजे २००९ चा सातवा आठवडा. ३८११ म्हणजे २०११ चा अडतिसावा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. त्याला खोल खाचा असतील, दिसायला नवा असेल. त्यावर रस्त्यावर जायचं नाही. शिवाय १४ इंची रिम पुढच्या ब्रेकवरून जाते तरी का, कधी लावून बघितलीय?

पत्रा_आणि_पाना:

लावून बघितली. ब्रेकच्या कॅलिपरवर अडकते. म्हणजे पुढचं चाक पंक्चर झालं असतं तर ती स्टेपनी नुसती ओझं होती. गाडीखाली काम करताना सध्या तिच्यावर बसतो, त्या उंचीला बरोबर आहे.

रोपवाली:

६० ची थरथर राहिली. नवीन टायर आले आणि बॅलन्सिंग झालं की बहुतेक जाईल, पण त्याआधी पुढची चाकं उचलून हाताने हलवून बघा. वर आणि खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाक धरणाऱ्या आर्मचा सांधा). डावी-उजवी बाजू धरून हलवलं आणि खेळ असला तर टाय रॉडची (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीची) टोकं. टॉर्शन बारच्या गाडीत खालच्या आर्मखाली जॅक लावून हे करा. चासीखाली लावलात तर आर्म ताणून बसतो आणि झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट वाटतो.

मग चाक हाताने फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक पेन्सिल विटेवर टेकवून धरा. कड पेन्सिलीजवळ येते-लांब जाते ते दिसेल. वाकलेल्या रिमला कितीही शिशाचे तुकडे लावले तरी ती वाकलेलीच राहते.

अलाइनमेंट अगदी शेवटी. उंची बदलली की पुढचे कोन बदलतात, त्यामुळे आधी केलेली फुकट जाते.

पत्रा_आणि_पाना:

पाच आठवड्यांनी येतोय.

मागे नवीन पाट्यांची जोडी, नवीन यू बोल्ट, नवीन बुश. पाच सारख्या लोखंडी रिमा जमवल्या, त्यातली एक पेन्सिलीच्या परीक्षेत ४ मिमी डुलली, ती परत केली. हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागावरचा गंज तारेच्या ब्रशने काढला. मी तिथेही रंग मारणार होतो, पण लेथवाला दादांना निरोप पाठवून विचारलं. ते म्हणाले रंगाचा जाड थर नटाखाली दबतो आणि नट ढिले पडतात. नाही मारला. टाय रॉडचं उजवं टोक ढिलं होतं, बदललं. डिफरन्शियलच्या ऑइलमध्ये चकाकी होती पण कण नव्हते. बदलून टाकलं, आणि १००० किलोमीटरनंतर पुन्हा बघणार.

आकडे: मागे डाव्या-उजव्यात फरक ३ मिमी. पुढे ४. पाट्याच्या बोल्टपासून अ‍ॅक्सल दोन्हीकडे ६१०. टॉर्शन बारला हात लावला नाही. स्टिअरिंग सरळ. थरथर गेली. शॉकअप जुनेच आहेत; एक गळतोय, तो मात्र जोडीने बदलणार आहे.

ताई, ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट बघितले तर प्रत्येक नट साधारण पाव फेरी आवळला गेला. हे ठीक आहे की काही चुकलं?

रोपवाली:

ठीक आहे. नवीन पाटे एकमेकांवर बसतात, मधला गंज-रंग दबतो, तेवढं होतंच. अजून ५०० नंतर परत बघा. तेव्हाही पाव फेरी फिरले तर मला लिहा.

लेथवाला:

आणि चाकांचे नट?

पत्रा_आणि_पाना:

१०० किलोमीटरला बघितले. एकही हलला नाही. ८ फेऱ्या मोजून घेतल्यात.